खाटेएवढ्या खाचराची इर्जिक

सहा फूट लांब, चार फूट रुंद. मी स्वतः टेप धरून मापलंय. म्हणजे एक खाट टाकली की जमीन संपली, चपला काढायला बांधावर जावं लागेल. एवढ्या जमिनीवर गेल्या आषाढात एकोणीस माणसं, दोन बैलजोड्या, एक पॉवर टिलर आणि एक केंद्रप्रमुख उतरले. कुणाला खोटं वाटत असेल त्याने पासली गावाच्या वरच्या अंगाला आमच्या वाडीत यावं आणि गेनबाला विचारावं. तो चाळीस माणसं सांगेल. पण गेनबा बोलण्यात वाढवतो. मी चौतीस वर्षं एसटीत कंडक्टर होतो, माणसं मोजण्यात माझी चूक होत नाही. एकदाच फक्त घाटात शहाण्णव भरले होते, त्यात एक रेडकू मी दोनदा मोजलं होतं.

आमच्या वाडीचा पाऊस वेगळा. गेल्या साली आमच्या कोंबडीच्या बोटांमध्ये बदकासारखे पडदे फुटायला लागले होते. आमची भामा म्हणते तो चिखल होता. पण भामाला चष्मा आहे.

तर मुद्द्यावर येतो. माझा मुलगा सोमेश्वर पुण्यात एका कारखान्यात होता. कारखाना तिथून उठून इकडे महामार्गावर वरव्याजवळ आला आणि त्याच्यामागे सोमेश्वर आणि सूनबाई दोघंही. राहायला एक खोली, दोघांच्या उलटसुलट पाळ्या. मग शेफालीला, माझ्या नऊ वर्षांच्या नातीला, कोण बघणार? तिला आमच्याकडे आणलं आणि वाडीच्या शाळेत चौथीत घातलं. पुण्यात तिच्या एका वर्गात त्रेपन्न मुलं होती. इथे पहिली ते चौथी मिळून सतरा, आणि चौथीत ती धरून पाच. ठरलं असं की जुलै अखेरपर्यंत बघायचं. पोरगी रमली तर ठीक, नाही तर पुण्याला मावशीकडे ठेवायची आणि जुनी शाळा.

ती येण्याआधी आम्ही दोघं नवराबायको गेली अकरा वर्षं 'गॅस बंद केला का' आणि 'केला' एवढ्यावर संसार चालवत होतो. शेफाली आली आणि घरात दिवसभर प्रश्न सुरू झाले. म्हैस रवंथ करताना काय विचार करते, नाना, तुम्ही स्वतःचं तिकीट कधी काढलं होतं का. ती परत गेली तर पुन्हा गॅसवर यावं लागणार, हे मला दिसत होतं. भामालाही दिसत असावं. तिने पहिल्याच आठवड्यात शेफालीसाठी तीन स्वेटर विणायला घेतले, आणि पुण्यात इतकी थंडी नसते.

जुलै लागला तशी मोहिनी बाईंनी, म्हणजे शाळेच्या शिक्षिकेने, एक उपक्रम काढला. शाळेमागे साळूबाईचं भाताचं खाचर आहे. त्याच्या कडेचे पाच तुकडे चौथीच्या पाच मुलांना द्यायचे. प्रत्येकाने आपापली लावणी करायची आणि भात कसा वाढतो ते वहीत लिहायचं. याला मुख्याध्यापकांची परवानगी लागत होती. मुख्याध्यापकही मोहिनी बाईच. त्यांनी स्वतःला अर्ज केला, दोन दिवस विचार केला आणि मंजूर केला. एक प्रत केंद्रप्रमुखांना, म्हणजे आसपासच्या शाळांवरच्या साहेबांना, पाठवली. ती प्रत अजून प्रवासात आहे.

इतर चार पोरांनी जन्मल्यापासून लावणी पाहिलेली. खेळता खेळता लावून मोकळी झाली. शेफालीने चिखलात एक पाय टाकला, तो रुतला. तो काढायला दुसरा टाकला, तोही रुतला. मग ती अतिशय सावकाश, जहाज बुडावं तशी, खाली बसली. पोरं हसली. साळूबाईची नात इतकी हसली की तीही बसली.

घरी आली तेव्हा तिचे फक्त डोळे ओळखू येत होते. ती म्हणाली, "नाना, माझा तुकडा मी एकटी लावणार. कुणाची मदत नको. तो उभा राहिला तर मी इथे राहीन. नाही राहिला तर मावशीकडे जाईन."

"अगं, थोडं आम्ही—"

"नाही. पुण्याला पप्पांनी मला ज्वालामुखी करून दिला होता, तर मॅडमनी वर्गासमोर विचारलं, हा कुणी केला. स्वतःचं काम स्वतःच करायचं असतं."

तिने दोन दुपारी खपून रोपं लावली. तिसऱ्या दिवशी सगळी पाण्यावर तरंगत होती, अगदी सुट्टीवर आल्यासारखी. तिने गोळा करून पुन्हा लावली. पुन्हा तरंगली. मी सांगायला हवं होतं की बाळ, रोप अमुक इतकं खोल दाबायचं. पण मलाच ठाऊक नव्हतं. माझ्या वाट्याची शेती धाकट्या भावाने केली. मी जन्मभर शेती पाहिली ती खिडकीतून, आणि तीही खिडकीजवळ उभं राहायला जागा मिळाली तर. निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली तरी वाडी मला कंडक्टरच म्हणते. यात जो काय अपमान आहे तो मी मोठ्या मनाने गिळत आलो आहे.

शेवटी दुकानाच्या पायरीवर गेनबाला गाठलं. गेनबा माझ्या वयाचा, वाडीतला सगळ्यात जुना भातकरी.

"चिखलणीच झाली न्हाई नीट," तो म्हणाला.

दुकानदार म्हणाला, "रोप म्हातारं झालं आसंल."

मीठ घ्यायला आलेली साळूबाई म्हणाली, "खेकड्यानं बांद पोखरला आसंल. माजा बांद हाय, मला ठावं."

तिघांची तीन मतं ऐकून मी उसासा टाकला आणि म्हणालो, "काय सांगू गेनबा, पोरगी लावणीत मागं राहिली बघ."

दुकानदाराने तराजू खाली ठेवला. साळूबाईने पदर खोचला.

इथे बाहेरच्या लोकांसाठी खुलासा करायला हवा. आमच्याकडे इर्जिक असते. ज्याची लावणी मागे पडते त्याच्या शेतात सगळी वाडी एक दिवस उतरते आणि संध्याकाळपर्यंत काम उरकते. मजुरी नाही. मालकाने फक्त जेवण घालायचं, आणि ज्याच्या घरचं माणूस आलं त्याच्या शेतात एक दिवस राबून यायचं. पण मालक 'या' असं तोंडाने कधी म्हणत नाही, त्याला कमीपणा वाटतो. तो चारचौघांत एवढंच म्हणतो, 'यंदा मागं राहिलो.' झालं बोलावणं. ते परत घेता येत नाही. हे वाडीतल्या शेंबड्या पोराला माहीत असतं. चौतीस वर्षं 'कुठे जायचंय' विचारण्यात घालवलेला माणूसच ते विसरू शकतो.

"कवा?" गेनबाने विचारलं.

"काय कधी?"

"बुदवार बरा हाय. आषाड चाललाय, मटान आसंलच."

"अरे गेनबा, खाटेएवढी जागा आहे ती!"

"जागा केवडीबी आसंल. शबूद गेला न्हवं तोंडातनं?"

घरी आल्यावर भामाने माझ्याकडे चष्मा काढून पाहिलं. ती चष्मा काढून पाहते तेव्हा तिला सगळं स्पष्ट दिसत असतं.

"अवो, पोरीनं सांगितलं न्हवतं का, कुणाची मदत नगं म्हणून?"

"मी मदत कुठे मागितली? मी नुसता उसासा टाकला."

"मंग तो घरात टाकायचा व्हता. हितं कोन आलं आसतं?"

मी दारोदार फिरून इर्जिक रद्द करायचा प्रयत्न केला. साळूबाईच्या दारात तर मी हात जोडले. ती म्हणाली, "कंडक्टर, चौतीस वर्सं आमाला गाडीत कोंबलंत, आन् आता तुमच्यात आमाला जागा न्हाई व्हय?" मी मटण सांगून आलो. शेफालीला मात्र काही सांगितलं नाही. धीर झाला नाही.

बुधवारी सकाळी दहाला, शेफाली शाळेत असताना, वाडी खाचरावर जमली. पहिली बैलजोडी उतरली तेव्हा बैलांची तोंडं एका बांधापलीकडे आणि शेपट्या दुसऱ्या बांधापलीकडे. दुसऱ्या जोडीला जागा व्हावी म्हणून पहिलीला वर काढलं. ती वर येताना बांध खाली गेला. मग कुणीतरी पॉवर टिलर सुरू केला. तो नुसता सुरू झाला, तेवढ्यात शेत संपलं. लावायला एका वेळी चौघंच वाकू शकत होते. उरलेले पंधरा बांधावर रोपांच्या जुड्या घेऊन ओळीने उभे राहिले आणि खालच्या चौघांना शिकवू लागले. मधूनच त्यांनी गाणं धरलं. पंधरा माणसांचं वजन आणि वर गाणं, तो बांध किती सोसणार? बसला. पाणी सुटलं, आणि पाण्याबरोबर शेफालीची रोपं साळूबाईच्या खालच्या खाचरात निघून गेली.

नेमके त्याच दिवशी केंद्रप्रमुख अचानक तपासणीला आले. नसरापूरला राहणारे, गोरेगोमटे, इस्त्रीची पँट. त्यांना शाळेत एकही मूल दिसलं नाही. मोहिनी बाईंनी गाणं ऐकून सगळ्यांना परिसर अभ्यासासाठी खाचराकडे आणलेलं. साहेब छत्री सावरत आवाजाच्या दिशेने आले.

"हा काय प्रकार आहे? शाळेच्या वेळेत? शाळा रिकामी सोडून?"

आता इर्जिकीचा दुसरा नियम. बांधावर नुसतं उभं राहायचं नाही. साळूबाईने त्यांच्या हातातली छत्री काढून घेतली आणि रोपांची जुडी दिली.

"अहो बाई, मी केंद्रप्रमुख आहे!"

"आसाल की. वाका."

त्या आवाजात काहीतरी असतं. साहेब वाकले. मोहिनी बाई हुशार, त्यांनी तेवढ्यात मोबाईलवर फोटो काढला. त्यावर तारीख, वेळ आणि ठिकाण आपोआप उमटतं. 'उपक्रमात मान्यवरांचा प्रत्यक्ष सहभाग' असं लिहून त्यांनी तो वर पाठवून दिला. शाळा रिकामी का होती याचा लेखी खुलासा आजतागायत कुणी मागितलेला नाही.

हे सगळं होईपर्यंत शेफाली डोक्यावर प्लास्टिकचा कागद घेऊन शांत उभी होती. गाणं थांबलं तेव्हा तिने विचारलं, "माझा तुकडा कुठे आहे?"

गेनबाने एकीकडे बोट दाखवलं, साळूबाईने दुसरीकडे. मग दोघांनीही बोटं खाली घेतली.

ती रडली असती तर बरं झालं असतं. ती जेवायलाही सगळ्यांबरोबर बसली, पण नुसता भात खाल्ला. लोक मटणाला नावाजून तृप्त झाले. मी वाढत होतो आणि मनात स्वतःलाच म्हणत होतो, अरे हनुमंता, नातीला घालवायला तू एकटा पुरेसा होतास, एवढी माणसं कशाला गोळा केलीस?

हात धुऊन शेफाली माझ्याकडे आली. "नाना, माझं काही उभं राहिलं नाही. मी मावशीकडे जाते. असंच ठरलं होतं."

मी तिला हात पुसायला पंचा दिला. साळूबाई दारातच पायांवर पाणी घेत होती.

"जा की," ती म्हणाली. "पर आदी आमच्यात येऊन जा. म्या आले न्हाई व्हय तुज्यात?"

"म्हणजे?"

"म्हंजी काय? ज्याच्या घरचं मानूस तुज्यात राबलं, त्याच्यात तुला जाया लागतंय. साळा सुटल्यावर आलीस तरी चालंल. तुजं शेत बी काय दिसभराचं न्हवतं."

शेफाली विचारात पडली. पुण्याच्या शाळेने तिला काही चांगल्या सवयी लावल्या होत्या. त्यातली एक अशी की राहिलेला अभ्यास पुरा केल्याशिवाय उठायचं नाही. ती आत गेली, वही-पेन्सिल घेऊन आली.

"नाना, कोण कोण आलं होतं सांगा. सगळ्यांकडे जाईन आणि मग पुण्याला जाईन."

मी सुरुवातीलाच सांगितलं आहे की माणसं मोजण्यात माझी चूक होत नाही. म्हणून मी जे केलं त्याला चूक म्हणता येणार नाही. मी बत्तीस नावं सांगितली. धनाजी त्या दिवशी भोरच्या बाजारात होता, त्याला आणला. लेकीकडे भाटघरला गेलेली अंबूबाई आणली. मुंबईला असलेले दोघं सख्खे भाऊ आणले. दोन वर्षांपूर्वी वारलेला चिमाजीही ओठांवर आला होता, पण भामाने माझ्या पायावर पाय दिला.

दुसऱ्या दिवशी मी त्या तेराही जणांच्या घरी जाऊन कळवून आलो की तुम्ही बुधवारी आमच्या इर्जिकीला होता. कुणी हरकत घेतली नाही. धनाजी तर म्हणाला, "व्हतो की! मटान जरा तिखाट झालं व्हतं."

आणि शेफालीने मला सोडलं नाही. "तुम्हीही चला नाना. उसासा तुम्ही टाकला होता." हे तिला भामाने सांगितलं असणार. लावणी करताना मागे मागे सरकत जावं लागतं. मी तिसऱ्याच पावलाला बांधावरून पलीकडच्या खाचरात उताणा पडलो. अख्खी रांग थांबली. साळूबाई ओरडली, "सरा कंडक्टर, मागं सरा! मागं लई जागा हाय!" आडव्या पडलेल्या माणसाला प्रतिष्ठा सावरणं अवघड जातं, तरी मी आभाळाकडे बघत 'पाऊस कमी झालाय' असं म्हणालो.

रोप बोटाच्या दुसऱ्या पेरापर्यंत दाबायचं, हे तिला गेनबाने दाखवलं. तिने ते मला दाखवलं. माझी रोपं तरीही तरंगायची, ती मागून येऊन ती नीट करायची. रोज शाळा सुटली की एक घर, रविवारी दोन. चिखलात बसणाऱ्यांत आता ती आणि साळूबाईची नात मुद्दाम एकत्र बसायच्या. भाजलेला खेकडा खायला शिकली. घरी जेवताना आमच्याकडे बोट करून साळूबाईच्या सुरात "वाका!" म्हणायला लागली.

केंद्रप्रमुखांचं नावही तिने वहीत लिहिलेलं. ते पुन्हा शाळेत आले तेव्हा ही त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. "साहेब, तुम्ही माझ्यात आला होतात. तुमच्याकडे मी कधी येऊ?"

साहेब तिसऱ्या मजल्यावर राहतात. ते म्हणाले, "बाळ, मला शेत नाही."

"मग तुमचं काय मागं राहिलंय?"

साहेबांनी आजूबाजूला पाहिलं आणि हळूच सांगितलं, "अहवाल." ही त्यांच्या शेजारी बसून एकेका मुलाची उंची, वजन, हजेरी वाचत गेली आणि ते भरत गेले. तासाभरात उरकलं. जाताना साहेब तिला 'या बाई' म्हणाले.

एका संध्याकाळी धनाजीच्या खाचरावरून परतताना शेफाली म्हणाली, "नाना, धनाजीकाका त्या दिवशी भोरला होते."

मी पायाखाली बघून चालू लागलो. निसरडं होतं.

"अंबूआजी पण नव्हत्या. मी तिथेच उभी होते ना, मी मोजले होते. एकोणीस."

"मग तू गेलीस कशाला त्यांच्याकडे?"

ती थोडा वेळ चिखल उडवत चालली. "धनाजीकाकांचं खाचर खूप मोठं आहे, नाना. सगळ्याजणी येतात तिथे. मज्जा येते." आणि मग म्हणाली, "मुंबईचे दोघं काका गणपतीला येतील ना? त्यांच्याकडे तेव्हा जाऊ."

त्या दिवशी घरी येऊन मी गॅस बंद केला का हे स्वतःहून जाऊन पाहिलं, आणि तिथे उभा राहून एकटाच हसलो.

जुलैच्या शेवटच्या रविवारी सोमेश्वर मोटारसायकलवरून आला. खिशात शाळा सोडल्याच्या दाखल्यासाठी लिहून आणलेला अर्ज, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला. मी त्याला वाटेत काहीच सांगितलं नाही. नेऊन साळूबाईच्या खाचरावर उभा केला. पंधराएक बाया-पोरी वाकलेल्या, मध्ये शेफाली. त्याला आधी ओळखूच आली नाही.

"शेफू! चल, आवर. मावशीला फोन केलाय मी."

रांगेतलं कुणीच वर पाहिलं नाही. साळूबाईने मात्र कंबर सरळ केली आणि त्याला आपादमस्तक न्याहाळलं. बांधावर नुसता उभा होता बिचारा.

"सोमा, बूट काड," ती म्हणाली. "वाक."

माझा मुलगा शिकलेला आहे, पण वाडीतच वाढलेला. त्याने बूट काढले, पँट गुडघ्यापर्यंत वळली आणि लेकीच्या शेजारी उतरला. बराच वेळ बाप-लेक मागे मागे सरत होते. मी बांधावरून पाहत होतो. म्हणजे माझ्या हातात जुडी होती, नियम मलाही आहेत. अखेर त्याने वाकल्यावाकल्याच विचारलं,

"शेफू, मग त्या दाखल्याच्या अर्जाचं काय करायचं?"

शेफालीने पाण्यातून हात न काढता त्याच्या पायांकडे पाहिलं.

"पप्पा, तुमची ओळ वाकडी होतेय."